विषय नसलेलं नाटक

आमच्या जिल्ह्याचं नाव त्या वर्षांत टीव्हीवर निघालं की घरातलं कुणीतरी उठून आवाज कमी करायचं. बातमी कसली असणार हे माहीत असायचं. कापसाचा भाव, कुणाच्या तरी घरापुढची गर्दी, आणि शेवटी एखाद्या लहान मुलीचा चेहरा, डोळ्यातलं पाणी दिसेल इतक्या जवळून. दूरच्या शहरांतून गाड्या यायच्या, आमच्या पांढरकवड्याला हायवेवरच्या ढाब्यावर जेवायच्या आणि ढाबेवाल्यालाच विचारायच्या की जवळपास 'तसं' गाव कुठलं. मी तेव्हा नववीत होते. मला त्या गाड्यांचा राग यायचा. तो फार थोर कारणानं यायचा असं मी म्हणणार नाही. मी चौदा वर्षांची होते, मलाही हजार भानगडी होत्या, आणि रडत नसलेल्या मुलीकडे त्या जिल्ह्यात कॅमेरा तर सोडाच, कुणी मान वळवूनसुद्धा बघत नव्हतं.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मुकुटबनच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. तिच्या घरी कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. माझे वडील तहसील कचेरीत, आजोबाही कचेरीतच होते. आमच्या घरातलं शेतीचं ज्ञान एवढंच की तूर महाग झाली की वरण पातळ होतं. शाळा सकाळची. बारा वाजता सुटायची आणि तिची बस पावणेतीनला. मधला सगळा वेळ ती आमच्याकडे असायची. आई जेवायला वाढून आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर ठाण मांडायचो.

त्या पावसाळ्यात केबलवाल्याच्या कृपेनं की चुकीनं, आमच्याकडे एक परदेशी चॅनल दिसायला लागलं होतं. त्यावर दुपारी एक वाजता एक मालिका लागायची. शाळेची. म्हणजे सगळी गोष्टच शाळेत घडायची: वर्ग, लांबलचक व्हरांडा, पोरांची लोखंडी कपाटं, बाहेर सदा न कदा पाऊस. मुलं-मुली जाड स्वेटर घालायची आणि टाय मुद्दाम सैल सोडायची. आम्ही ती इंग्लंडची समजत होतो. अमरावतीला शिकणारा माझा मोठा भाऊ सुट्टीत आला आणि शेवटची पाटी वाचून म्हणाला, "हे इंग्लंड नाही, आयर्लंड आहे." आम्ही नकाशाचं पुस्तक काढून बघितलं. इंग्लंडच्या शेजारी एक बेट, आमच्या भूगोलाच्या सरांनी ज्याचा कधी उल्लेखही केला नव्हता. त्या दिवसापासून तो देश आमच्या मालकीचा झाला.

बोलणं आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. आमची शाळा मराठी, आणि त्या पोरांचं इंग्रजी असं की शब्द तोंडातून निघायच्या आधीच संपायचे. पण माझ्या मैत्रिणीला त्याची काही अडचण नव्हती. ती आवाज बंद करायची आणि सगळ्यांची बोलणी स्वतः म्हणायची, वऱ्हाडीत. एक लाल केसांची, तोंडभर ठिपके असलेली पोरगी होती, तिला ती घोगऱ्या आवाजात बोलायला लावायची. एक उंच पोरगा होता, तो प्रत्येक वाक्याआधी "बाप्पा" म्हणायचा. आणि शाळेच्या मोठ्या बाई, ज्यांचा चष्मा साखळीनं गळ्यात लटकायचा, त्या पडद्यावर दिसल्या की ती पाठ ताठ करायची आणि सुरू व्हायची, "काहून वं पोरीहो, टाय कुठं टाकली? नाल्यात? तुह्या मायले बलावू काय आयर्लंडच्या बसनं?" मी उशीत तोंड खुपसून हसायचे, आई जागी होऊ नये म्हणून. इतकं नेमकं सोंग आणणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या मालिकेत काय व्हायचं? खरं सांगायचं तर काहीच नाही. लाल केसांची आणि तिची जिवलग मैत्रीण एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. का, तर एकीनं दुसरीला न सांगता जागा बदलली. बस एवढंच. आणि एवढ्यावर चार-पाच भाग चालले. अख्खा वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. शेवटी मोठ्या बाईंनी दोघींना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, स्वतःच्या हातानं चहा दिला आणि विचारलं. माझी मैत्रीण तो भाग बघताना आवाज काढायची विसरली.

"पाह्य बरं," ती म्हणाली, "दोघी बोलत नाहीत म्हनून मोठ्या बाईनं दार लावून घेतलं. आपल्या शाळेत दोघी बोलत नसल्या तं कोनाले मालूम तरी पडते काय?"

दुसऱ्या एका भागात एका पोराचा बाप गेला होता. आम्ही सावरून बसलो, की आता रडारड. पण त्याला कुणी रडवलं नाही. सर वर्गात आले, त्याची वही न तपासता परत ठेवली आणि खेळाच्या तासाला त्याला संघात घेतलं. त्या पोरानं गोल हुकवला, सगळे त्याला हसले, तोही हसला. माझ्या मैत्रिणीनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आपन असं नाटक करू." असं म्हणजे कसं, हे मला विचारावं लागलं नाही.

इथे आमच्या शाळेच्या नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझ्या रागाचा हिशेब लागणार नाही. दर जानेवारीत स्नेहसंमेलन. त्यात एक नाटक 'ज्वलंत विषया'वर. विषय ज्वलंत म्हणजे कुठला, हे कुणी ठरवत नसे. तो ठरलेलाच होता. संमेलनाचे सर दरवर्षी तेच नाटक करायचे. पहिल्या प्रवेशात शेतकरी कपाळावर हात ठेवून आभाळाकडे बघतो. दुसऱ्यात शेजारी धावत येतात. तिसऱ्यात हार घातलेला फोटो, समई, आणि त्यापुढे मुलगी हंबरडा फोडते, "बाबा, तुम्ही का गेलात?" पडदा. पाहुणे डोळे पुसतात, भाषणात शाळेला संवेदनशील म्हणतात, आणि सर महिनाभर छाती काढून चालतात.

ती मुलगी म्हणजे सहावीपासून माझी मैत्रीण. तालुक्याच्या गावातली एकही मुलगी सरांना त्या कामाला चालली नाही. "हिच्या चेहऱ्यावर माती आहे," असं ते म्हणायचे, आणि हे कौतुक आहे अशी त्यांची समजूत होती. तिचा बाप चांगला धडधाकट होता. टेरिकॉटचा शर्ट घालून बाजाराला यायचा, शिट्टी वाजवत सायकल चालवायचा आणि मी दिसले की विचारायचा, "काय म्हनते कचेरी?" अशा माणसाच्या पोरीला तीन वर्षं तुम्ही बापावाचून रडायला लावता. सगळ्या शाळेत कुणालाच नकला जमत नाहीत इतक्या तिला जमतात, आणि लोकांना हसवायला तिला एक वाक्य देत नाही. मला हे आजही लिहिताना तिडीक येते.

नववी हे आमचं शेवटचं वर्ष होतं. दहावीच्या मुलांना संमेलनात भाग घेऊ देत नसत, बोर्डाची परीक्षा म्हणून. म्हणजे ती मोठ्या बाई होणार असेल तर यंदाच, नाहीतर कधीच नाही. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत शंभर पानी वहीत नाटक लिहिलं. जागा आमचीच शाळा. दोन मैत्रिणी खिडकीजवळच्या बाकावरून भांडतात, वर्गाच्या दोन फळ्या होतात, डब्यातली लोणची वाटली जाईनाशी होतात, आणि शेवटी मोठ्या बाई दोघींना खोलीत बोलावतात. मोठ्या बाई ती, भांडणाऱ्या दोघींतली एक मी. बोलणी सगळी वऱ्हाडीत.

सरांनी वही उलटीसुलटी करून बघितली.

"यात विषय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन मैत्रिणी बोलत नाहीत सर, तोच विषय आहे."

"तो विषय नाही. ती कटकट आहे." त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "आज सगळा देश आपल्या जिल्ह्याकडे बघून राहिला आहे. अन् तुम्ही लोणच्याचं नाटक करता? लाज वाटली पाहिजे."

मला लाज वाटली, हे मी कबूल करते. त्यांनी ती अशा सुरात सांगितली की वाटायलाच हवी होती. पण माझी मैत्रीण हलली नाही. "सर, मी तुमच्या नाटकात रडते," ती म्हणाली. "मंग त्याच्यानंतर आमचं बी घ्या." सरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्याशिवाय त्यांचं नाटक पडलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "दहा मिनिटं," ते म्हणाले, "पाहुण्यांच्या भाषणाआधी." आम्ही दोघी व्हरांड्यातून जिन्यापर्यंत धावत गेलो.

त्या वर्षी पाहुणे मोठे होते आणि त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या केबलवरच्या बातम्यांचा कॅमेरा येणार होता. त्यामुळे सरांना सगळं खरं पाहिजे होतं. एरवी तिसऱ्या प्रवेशातला फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीतून यायचा. आत कुणीतरी जुने संस्थापक होते, आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून हार चांगला जाड असायचा. यंदा सर म्हणाले, कॅमेरा जवळ येईल, तेव्हा फोटो खऱ्या शेतकऱ्याचा हवा. कुणीतरी आणा, नाहीतर मला त्याच्यामागे फिरावं लागेल आणि मग तुमच्या त्या लोणच्याला वेळ उरणार नाही.

आता जे सांगते ते मी पुष्कळ वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मीच तिला म्हटलं, "तुझ्या बाबांचा आण ना."

तिच्या कंपासपेटीत तिच्या वडिलांचा एक फोटो असायचा. कळंबला चिंतामणीच्या देवळाबाहेर एका फोटोवाल्यानं काढलेला. कपाळाला गंध, खांद्यावर दुपट्टा, आणि हसताना पुढचा एक दात जरा आडवा. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिलाही माहीत होतं. ती फोटो हातात घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "नाटक तं हाय. खोटंच तं हाय. अन् बाबा कुठं येते तवा, त्याच्या आधी कापसाची गाडी भरा लागते." मला आमची दहा मिनिटं दिसत होती. मी मान हलवली. तिनं फोटो दिला, सरांनी स्टुडिओतून मोठा करून आणला, लांबून बघितला आणि म्हणाले, "चेहरा छान आहे. फक्त हसतो आहे. हरकत नाही, हार जरा वर घेतला की तोंड झाकलं जाईल."

हार मी ओवला. झेंडूचा, घरून सुई-दोरा नेऊन.

तिनं वडिलांना आमच्या नाटकाचं सांगितलं होतं. पहिल्याचं नाही. तीन वाजता या, त्याच्या आधी येऊ नका, असं बजावून ठेवलं होतं, कारण सरांचं नाटक दोनला होतं. ते त्याच दिवशी कापसाची बंडी घेऊन पांढरकवड्याला खरेदी केंद्रावर येणार होते. तिथे बंड्यांची रांग कुठवर जायची हे त्या वर्षांत ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. एकदा रांगेतून हललात की तुमचा नंबर गेला. ते शेजाऱ्याच्या हाती बैलांचे कासरे देऊन शाळेत येणार होते, पोरीचं दहा मिनिटांचं नाटक बघायला.

पाहुणे मात्र पाऊण तास उशिरा आले. त्यांच्यासाठी सगळं थांबलं. आम्ही मुलं मेकअप थापून पेंडॉलच्या मागे उन्हात उभी, पावडर घामानं ओघळतेय. सरांचं नाटक सुरू झालं तेव्हा पावणेतीन झाले होते. मी मैत्रिणीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. पण तोवर शेजाऱ्यांचं धावत येणं झालं होतं आणि तिला आत ढकलण्यात आलं.

मी पडद्याच्या कडेला होते. फोटो मधोमध स्टुलावर, हार ओठांवर, समई लावलेली. तिनं गुडघे टेकले, पदर डोळ्याला लावला आणि सुरू केलं. आणि मला पेंडॉलच्या मागच्या खांबाजवळ ते दिसले. अंगावर, केसांत, भुवयांवर कापसाचे पुंजके. चेहरा हसरा, कारण पोरगी स्टेजवर दिसली होती. मग त्यांनी फोटो बघितला.

तिलाही ते दिसले. ती रडता रडता थांबली. सर माझ्यामागून दबक्या आवाजात ओरडायला लागले, "रड! रड!" ती उभी राहिली आणि तिच्या तोंडातून निघालं, "बाबा!"

तो हंबरडा नव्हता. चूक पकडली गेल्यावर लहान पोर हाक मारतं तशी ती हाक होती. पण पाहुणे पहिल्या रांगेत होते, त्यांना मागचं काय दिसणार? अख्खा पेंडॉल टाळ्या वाजवायला लागला. कॅमेरावाला पुढे धावला. पाहुण्यांनी रुमाल काढला. माझ्यामागे सर म्हणाले, "व्वा!" हा शब्द मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

पडदा पडायच्या आतच पाहुणे स्टेजवर चढले. आमची दहा मिनिटं तिथेच गेली, कारण माइक त्यांच्या हातात आला होता. त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलायला लागले. या कोवळ्या लेकरांचं हास्य हिरावलं गेलं आहे, वगैरे. तिचं हास्य तिच्याच शाळेनं तिला लपवायला लावलं होतं, आणि तिच्या बापाचं हसू मी ओवलेल्या झेंडूनं झाकलं होतं. "या अनाथ मुलीला," असं ते म्हणाले, तेवढ्यात तिचे वडील मधल्या वाटेनं चालत पुढे आले आणि चप्पल काढून स्टेजवर चढले.

"काका, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येता," कॅमेरावाला म्हणाला.

"कोण आपण?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी फोटोतला," ते म्हणाले. त्यांनी समईला धक्का न लावता हार काढला, गुंडाळून बाजूला ठेवला आणि फोटो उचलला. "हे पोरगी माही हाय. अन् मी जित्ता हाव, साहेब."

पेंडॉलमध्ये आधी कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. पाहुणेही हसले आणि म्हणाले, म्हणजे अभिनय इतका जिवंत होता! मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. सर पुढे झाले. "अहो, राग मानू नका," ते म्हणाले, "हे प्रतीकात्मक असतं."

"मंजे?"

"म्हणजे, तुम्ही सगळ्या शेतकऱ्यांचे प्रतीक."

"मंग तुमचा फोटो लावाचा होता नं सर. मी तं रोज शाळेत येत नाही, तुमी येता."

सर गडबडले. मग त्यांनी तेच केलं जे अशी माणसं करतात. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "फोटो तिनंच आणला. विचारा तिला." ती मान खाली घालून उभी होती. माझं नाव तिनं घेतलं नाही. मी चार पावलांवर होते, आणि मी मूग गिळून गप्प उभी राहिले. त्या दिवशी ज्यांचा ज्यांचा मला राग आला त्या यादीत मी स्वतःला पहिल्या तिघांत धरते.

तिच्या वडिलांनी तिला काही विचारलं नाही. सरांनाच म्हणाले, "मी पोरीचं नाटक पाह्यले आलो. मोठ्या बाईचं. रांगेतून उठून आलो. थे कवा हाय?" वेळ संपली, आता बक्षीस समारंभ, असं सांगण्यात आलं. "बरं," ते म्हणाले आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर फोटो मांडीवर घेऊन बसले. कुणी उठा म्हणायला धजावलं नाही. बक्षिसं झाली, आभार झाले, पाहुणे गेले, कॅमेरा गेला, मुलं घरी गेली. ते बसूनच. पेंडॉलवाल्याची माणसं कापड उतरवायला लागली आणि खुर्च्या एकात एक घालायला लागली.

"करा," ते आम्हाला म्हणाले.

आम्ही केलं. माइक नाही, पडदा अर्धा उतरलेला, आणि वर्गातल्या दोन फळ्यांपैकी एक फळी घरी गेलेली, म्हणून तिची वाक्यंही मीच म्हटली. माझी मैत्रीण सुरुवातीला अडखळत होती. मग खोलीतला प्रवेश आला. तिनं पाठ ताठ केली, नसलेला चष्मा नाकावर चढवला आणि मला खडसावलं. खुर्च्या उचलणारा एक माणूस हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला. तिचे वडील इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसताना गालावर कापूस चिकटला. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "मंग खिडकीजवळ कोन बसनार, ठरलं काय?" त्या नाटकाला विषय आहे, हे ओळखणारा तो एकटा प्रेक्षक. रांगेतला त्यांचा नंबर गेला होता. बंडी तिथेच सोडून दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागली.

केबलवर ती बातमी दोन दिवस चालली. वडिलांच्या फोटोपुढे टाहो फोडणारी अनाथ बालिका, असं काहीतरी. स्टेजवर चढलेला जिवंत बाप त्यांनी कापून टाकला होता. मुकुटबनची तिची मावशी पहिल्या बसनं छाती पिटत आली, तर दारात मेव्हणा दात घासतोय. तिच्या आईनं नवऱ्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि पोरीशी आठ दिवस अबोला धरला. "असल्या शाळेत नाही पाठवत," असंही म्हणाली. वडिलांनी ते ऐकून घेतलं नाही. ती सोमवारी शाळेत आली. शाळेनं त्यांच्या घरी माफीचा एक शब्द पाठवला नाही. सर वर्गात म्हणाले, फोटो आणताना मुलांनी थोडी अक्कल वापरायला हवी होती.

मला वाटलं, निदान ते नाटक तरी आता बंद होईल. चौदा वर्षांची होते म्हणून वाटलं.

पुढच्या जानेवारीत आम्ही दहावीत होतो. सर आमच्या वर्गावर मराठी शिकवायला आले आणि तासाच्या शेवटी मोठ्या खुशीत सांगायला लागले की यंदा नाटक आणखी प्रभावी होणार. आठवीतली एक मुलगी घेतली आहे. "अन् यंदा मागच्यासारखा घोटाळा व्हायचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "हिचे वडील खरोखरच नाहीत."

मी आणि माझी मैत्रीण मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गाकडे गेलो. ती मुलगी नळावर डबा धूत होती. माझ्या मैत्रिणीनं तिला बाजूला घेतलं आणि एका दमात सांगितलं, तू नाही म्हण, सरले काही करता येत नाही, आम्ही तुह्या संगं येतो, हेडमास्तरकडे बी येतो. मी म्हटलं, मागच्या वर्षी फोटो आणायला मीच सांगितलं होतं, तेही मी तिथे सांगेन. पोरगी ऐकत होती. वेणीची रिबन सुटलेली, हात ओले.

"तुहे बाबा कशानं गेले?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं.

"हायवेवर. ट्रकनं उडवलं." ती म्हणाली. "नाटकात तसं नाही हाय. पन सर म्हनते, चालते."

"मंग तूच सांग, कायले करून राह्यली?"

तिनं डबा झटकला, झाकण लावलं. मग म्हणाली, "आमच्या घरी बाबाचा फोटो एवढासाच हाय, राशन कार्डावरचा. सर मोठा करून देनार हायत, काचेचा. नाटक झाल्यावर घरी न्याले भेटते म्हनते."

घंटा झाली. ती मुलगी डबा घेऊन वर्गात गेली, आणि आम्हाला तिला नाही म्हण असं पुन्हा सांगता आलं नाही.